पहिला भाग आणि आडदशावतार

नव्या मालिकेचा पहिला भाग पाहून तिच्याविषयी मत द्यावे की देऊ नये, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला फारसा गंभीर वाटणार नाही. मलाही पूर्वी वाटत नसे. तो गंभीर वाटू लागला तो दोन कारणांनी. एक म्हणजे वर्गातल्या मुलांना जपानी ॲनिमेचे लागलेले वेड, आणि दुसरे म्हणजे २०१६ साली आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने एका मराठी मालिकेविषयी पहिल्या काही भागांतच देऊन टाकलेला निकाल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे वरकरणी दिसेल. पण निकाल देण्याची रीत दोन्हीकडे एकच होती.

आधी ॲनिमेविषयी. जपानी दूरचित्रवाणीवर नव्या ॲनिमे मालिका वर्षातून चार हंगामांत येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. प्रत्येक हंगामात अशा डझनावारी मालिका सुरू होतात. एक मालिका साधारणपणे बारा-तेरा भागांची, आठवड्याला एक भाग. इतक्या मालिका पाहणे कोणालाच शक्य नसल्याने प्रेक्षक पहिला भाग पाहतो आणि ‘ठेवली’ किंवा ‘सोडली’ असे ठरवतो. आमच्याकडची मुले मोबाइलवर हे सारे पाहतात आणि हंगामाच्या पहिल्याच पंधरवड्यात त्यांच्या याद्या तयार होतात. मी या याद्यांना हसत नाही. चित्रणातला आळस, उसने संगीत, शंभरदा पाहिलेला नायक या गोष्टी मुलांना वीस-बावीस मिनिटांत अचूक ओळखता येतात. कवितासंग्रह चाळून पहिल्या चार कवितांवर मत बनवणाऱ्या समीक्षकापेक्षा ती निदान पहिला भाग पूर्ण तरी पाहतात.

माझ्या पिढीवर ही पाळी आली नव्हती. १९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी लागणारे ‘जंगल बुक’ हे मूळचे जपानी ॲनिमे आहे, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता, शीर्षकगीत गुलजारांचे होते, आणि मोगली आमचाच होता. पहिला भाग कसा होता हे मला आठवत नाही, कारण तो तपासून पाहण्याचे काही कारणच नव्हते. वाहिनी एकच होती.

निवड वाढली की पहिल्या भागावरचा भार वाढतो, हे उघड आहे. पण हा भार सगळ्या मालिकांवर सारखा नसतो, आणि येथे थोडे गणित करावे लागेल. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची साप्ताहिक मालिका हा परिचित प्रकार होता. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. जपानी हंगामाचे मापही तेच. अशा मालिकेत पहिला भाग हा एकूण ऐवजाचा तेरावा हिस्सा असतो, आणि बहुधा पुढचे बारा भाग कसे जाणार हे लेखकाला तो लिहिताना माहीत असते. खाजगी वाहिनीवरच्या रोजच्या मालिकेचे तसे नसते. तेथे पहिला भाग हा शेकडो भागांतला एक, आणि उरलेले शेकडो भाग त्या दिवशी अस्तित्वातच नसतात. ते कोण लिहील, किती लिहील, कोणते पात्र राहील आणि कोणते जाईल, हे प्रेक्षकसंख्येचे आकडे ठरवतात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या, तेव्हा त्यांचीही अवस्था काहीशी अशीच असणार. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. ‘पण लक्षांत कोण घेतो!’चे पहिले प्रकरण आज आपण संपूर्ण कादंबरी हाताशी असताना वाचतो. ‘करमणूक’च्या वाचकाला ती सोय नव्हती, ही गोष्ट आपण वर्गात शिकवताना सहसा सांगत नाही.

आता त्या मराठी मालिकेकडे येतो. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर सुरू झाली. दिग्दर्शक राजू सावंत. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका वाड्यात. सुरुवात एका मृत्यूने होते: नाईक कुटुंबाचे कर्ते अण्णा जातात, मुंबईचा मुलगा आणि त्याचे कुटुंब गावी येते, आणि त्या वाड्यात भीतिदायक गोष्टी घडू लागतात. मालिका सुरू झाल्याबरोबर सिंधुदुर्गात तिच्याविरुद्ध सूर उमटला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, मालवणी बोली धड नाही, अशा या तक्रारी होत्या. मालिका बंद करा अशी मागणीही झाली. नाक्यावर, बसमध्ये, शिक्षकांच्या खोलीत सगळीकडे तेच बोलणे. महिनाही उलटला नव्हता.

या निकालातला कोणता भाग न्याय्य होता आणि कोणता नव्हता, हे नीट वेगळे करण्यासारखे आहे. तेव्हा ते कोणी केले नाही. बाजूने बोलणाऱ्यांनीही नाही. त्यांचा सारा भर ‘लोक पाहतात ना?’ या एका प्रश्नावर होता.

बदनामीच्या तक्रारीपासून सुरुवात करू. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. त्यात आमच्याच गावची माणसे आहेत. ती नाटक बसवायला जातात आणि फजितीवर फजिती करून घेतात. भांडखोर, आळशी, बढाईखोर, सगळ्या प्रकारची माणसे त्यात आहेत. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि सिंधुदुर्गाने ते डोक्यावर घेतले. त्याने बदनामी झाली असे आम्हांला कधी वाटले नाही. (जाता जाता: ‘वस्त्रहरण’चे सुरुवातीचे प्रयोगही फारसे चालले नव्हते. पुलंनी मनापासून दाद दिली आणि मग वारे फिरले. पहिल्या प्रयोगांवर निकाल देणारे तेव्हाही होतेच.) मग गावच्या माणसाला मूर्ख दाखवलेले चालते आणि भ्यालेले दाखवलेले चालत नाही, हे काय? मला वाटते, हसण्यात आपण प्रेक्षागृहात बसलेले असतो. रंगमंचावरच्या माणसाला आपण ओळखतो आणि आपल्याला ओळखणारे शेजारी बसलेले असतात. भीतीच्या गोष्टीत आपण पडद्याच्या आत जातो, आणि पाहणारा कोणी बाहेरचा असतो. पुण्यातला, नाशिकमधला, आमचे घर कधी न पाहिलेला. तक्रारीचा खरा गाभा हा होता. ‘बदनामी’ हा त्यासाठी सापडलेला ढोबळ शब्द.

साहित्याच्या वाचकाला यात आणखी एक गंमत दिसेल. काळोखातले कोकण काही या मालिकेने शोधून काढलेले नाही. तेंडोलीच्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘रात्र काळी, घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’ लिहिल्या त्याला आता साठ वर्षे झाली. आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘अंधाराच्या पारंब्या’तली कुजत गेलेली घरे, दडपलेल्या वासना, विधवांची मुकी आयुष्ये कोणत्याही मालिकेपेक्षा अधिक भयंकर आहेत. त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही, याचे कारण आमची सहिष्णुता नव्हे. ती पुस्तके फार थोड्यांनी वाचली, हे आहे. म्हणजे मालिकेने काय दाखवले यापेक्षा ते किती जणांना एकदम दाखवले, हा मुद्दा होता. पण तसे पाहता तो मुद्दा पहिल्या भागाशी निगडित नाहीच.

अंधश्रद्धेच्या तक्रारीचे स्वरूप वेगळे आहे. ही तक्रार शेवटाविषयीची आहे. वाड्यात घडणाऱ्या गोष्टींमागे माणसाचा हात आहे की आणखी काही, हे ज्या गोष्टीत अखेरपर्यंत झाकून ठेवायचे आहे, त्या गोष्टीचा दुसरा-तिसरा भाग पाहून तिची भूमिका ठरवणे म्हणजे रहस्यकथेचे पहिले पान वाचून लेखक खुनाचा पुरस्कर्ता आहे असे म्हणण्यासारखे आहे. मालिकेत मुंबईची सून नीलिमा विज्ञानाची बाजू घेऊन उभी होती. ती बाजू कितपत टिकते, हे पाहायला थांबणे भाग होते. (थांबल्यावर समाधान झाले का, हा प्रश्न वेगळा. माझे पुरते झाले नाही. मालिकेला दोन्ही दगडांवर पाय ठेवायचे होते आणि ते तिने ठेवले. पण हे मत ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिले पर्व संपल्यावर देता आले. फेब्रुवारीत दिले असते तर तो केवळ अंदाज झाला असता.)

राहिली बोलीची तक्रार. ही एकच तक्रार अशी होती की जिचा निकाल पहिल्या भागात लागू शकत होता. भाषा काही शेवटी उलगडत नाही. ती पहिल्या वाक्यात असते किंवा नसते. मी ती मालिका त्या दृष्टीने, किंबहुना कान देऊन, पाहिली. गावात राहिलेली माणसे मालवणी बोलतात आणि मुंबईला गेलेली बहुतेक प्रमाण मराठी, अशी वाटणी लेखकाने केली होती. ही वाटणी सोयीची खरीच, पण खोटी नव्हे. आमच्या घराघरांत गणपतीच्या दिवसांत ती ऐकू येते. एकाच ओटीवर दोन भाषा, आणि मधल्या पिढीतला कोणी तरी दोन्हीकडे जीभ वळवून दमलेला. मालवणी थोडी सौम्य केली होती, घाटावरच्या प्रेक्षकाला कळावी म्हणून. काही क्रियापदे कानाला खटकत. पण शकुंतला नरे यांच्या माईचे बोलणे सुरू झाले आणि शेजारच्या काकी, ज्या तोवर ‘आमच्याकडे असा कोण बोलता गो?’ म्हणून नाक मुरडत होत्या, त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आमच्या आवशीसारखी बोलता ती.’ मालिका आपल्याला आवडली असे त्या पुढेही कधी म्हणाल्या नाहीत. पण रोज पाहत राहिल्या.

काकींचे हे वाक्य मला समीक्षेच्या दृष्टीने मोलाचे वाटते. कथेविषयी त्यात अवाक्षर नाही. भुतेखेते आहेत की नाहीत, कोकणाचे नाव जाते की राहते, यांतले काहीच नाही. मालिका करणाऱ्यांचा कान कसा आहे, एवढेच ते सांगते.

आणि येथे मला दशावतार आठवतो. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या प्रेक्षकाला रात्रभर चालणाऱ्या खेळाचा पहिला भाग कसा पाहायचा याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात. देवळाच्या आवारात रात्री उशिरा खेळ उभा राहतो. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर अशी कंपन्यांची नावे. मंचावर सामान म्हणजे एक बाकडे. आधी होतो तो आडदशावतार: गणपती आणि रिद्धी-सिद्धी, पूजा सांगणारा भटजी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, वेद चोरणारा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू. मग आख्यान, म्हणजे त्या रात्रीचे मुख्य नाटक. आणि पहाटे दहीकाला.

आडदशावतार दर रात्री तोच असतो. त्यात कथेची उत्सुकता शून्य. आख्यानाशी त्याचा धागाही नसतो. आख्यान कोणते लावायचे हे पुष्कळदा त्याच संध्याकाळी ठरते. नटांना प्रसंग सांगितले जातात आणि संवाद त्यांनी उभ्या उभ्या रचायचे असतात. लिहिलेली संहिता नाही. म्हणजे पहिल्या भागावरून पुढच्या कथेचा निकाल देण्याचा मार्गच परंपरेने बंद करून टाकलेला. असे असताना जाणती माणसे आडदशावताराला लवकर येऊन पुढची जागा धरून का बसत? ती कंपनीची पारख करत असत. सूत्रधाराचा, म्हणजे नाइकाचा, आवाज आज लागला आहे का. पखवाज आणि झांज एकमेकांना सांभाळून आहेत का. पायपेटीवाला नटाच्या मागे जातो की पुढे धावतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, संकासुराला बोलता येते का. कारण आडदशावतारात देव प्रमाण मराठी बोलतात, संकासुर मालवणी. तो गावच्या सरपंचापासून भटजीपर्यंत सगळ्यांची टोपी उडवतो. त्याचे बोलणे रोज नवे. संकासुर जमला की कंपनीत हजरजबाबी नट आहे हे कळते, आणि तसा नट असेल तर कोणतेही आख्यान लावा, रात्र फुकट जाणार नाही, असा हा हिशेब होता.

या हिशेबाने पाहिले तर प्रल्हाद कुरतडकरांचा पांडू मला संकासुराचा दूरचा नातलग वाटतो. मालिकेचे संवाद त्यांचेच आणि पांडूही त्यांनीच रंगवला. ‘इसारलंय’ म्हणत सगळे विसरणारा हा गडी भीतीच्या मधोमध उभा राहून मालवणीत काहीबाही बोलतो आणि जे कोणी उघड बोलू शकत नाही ते बोलून जातो. संवादलेखकाने स्वतःसाठी हे पात्र ठेवावे, ही मला आमच्या मातीतली खूण वाटली. असो.

पहिल्या भागाविषयी एक गोष्ट मात्र दशावतार शिकवत नाही, आणि ती शिकायला मला पुन्हा मुलांच्या याद्यांकडे जावे लागले. पहिल्या भागाचा अर्थ नंतर बदलू शकतो. ॲनिमेच्या चाहत्यांत ‘तीन भाग पाहिल्याशिवाय सोडू नये’ असा एक संकेत आहे. तो रुजला त्यात २०११च्या ‘पुएल्ला मागी मादोका मागिका’ या बारा भागांच्या मालिकेचा मोठा वाटा. जादूची शक्ती मिळालेल्या शाळकरी मुली, गोड रंग, अशी तिची सुरुवात. तिसऱ्या भागात एक मुलगी मरते आणि आपण काय पाहत होतो हा प्रश्न उभा राहतो. पण मला तिसऱ्यापेक्षा दहावा भाग महत्त्वाचा वाटतो. मालिका सुरू होते ती नायिकेच्या एका स्वप्नाने. उद्ध्वस्त शहर आणि त्यात लढणारी एक अनोळखी मुलगी. पहिल्या भागात ते स्वप्न म्हणजे नुसती सजावट वाटते. दहाव्या भागात कळते की ते स्वप्न नव्हते. आधी घडून गेलेल्या काळाचा तो अवशेष होता. पहिला भाग तोच राहिला, त्यातले एक चित्रही बदलले नाही, आणि तरी तो दुसराच झाला. ज्यांनी त्याला ‘गोड’ म्हटले होते त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही. तेव्हा तो गोडच होता.

‘रात्रीस खेळ चाले’च्या बाबतीत असे काही योजून झाले नसावे, पण झाले खरे. जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते मागच्या काळातले. २०१६ मध्ये ज्यांच्या मृत्यूने सुरुवात झाली होती ते अण्णा नाईक येथे जिवंत, माधव अभ्यंकरांच्या रूपात साऱ्या वाड्यावर सत्ता गाजवणारे. लंपट, क्रूर, आणि वर गावात मान असलेले. त्यांच्यासमोर अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. या पर्वाचा पहिला भाग पाहणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक होता. हा माणूस मरणार आहे आणि घर मागे उरणार आहे. मार्केझच्या ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’चा वाचक ज्या जागी बसतो त्या जागी, कळत-नकळत, रात्री साडेदहाचा मराठी प्रेक्षक येऊन बसला. आणि त्याचा परिणाम मागे गेला. २०१६ च्या आरंभी माईचे जे दुःख आपण वैधव्याचे म्हणून पाहिले होते, त्यात सुटकेचा किती अंश होता? मुले बापाविषयी बोलताना थबकत होती ती आदराने की धाकाने? त्या दृश्यांत हे मुळात लिहिलेले होते असा माझा दावा नाही. लेखकांना तेव्हा अण्णांचे पूर्वायुष्य कितपत दिसत होते, कोण जाणे. पण आज ती दृश्ये पाहणाऱ्याला हे प्रश्न टाळता येत नाहीत.

जिल्ह्याचे मतही या मधल्या काळात कोठल्या कोठे गेले. ज्या वाड्याने नाव घालवले म्हणून आरडाओरड झाली होती, तो आकेरीचा वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले, आणि रिक्षावाले तो कौतुकाने दाखवू लागले. पहिल्या निकालावर कोणी पुनर्विचार केला आणि मग मत बदलले, असे मला दिसले नाही. निकाल नुसता विसरला गेला. मला तो निकाल चुकीचा होता यापेक्षा असा बेवारस पडला याचे अधिक वाईट वाटते. बोलीच्या तक्रारीत तथ्य होते. मालवणी किती सौम्य करायची, कोणासाठी करायची, हा विचारण्यासारखा प्रश्न होता. बदनामीच्या गोंगाटात तो बुडाला आणि गोंगाट ओसरला तेव्हा त्याच्याबरोबर वाहून गेला.

म्हणून आता मी वर्गात नव्या मालिकेच्या पहिल्या भागावर लिहायला सांगतो तेव्हा एकच अट घालतो. जे त्या भागात पूर्ण झालेले आहे त्याच्यावर मत द्या. जे अजून व्हायचे आहे त्याच्याविषयी प्रश्न विचारा. भाषा, कॅमेऱ्याची नजर, पात्र बोलत नसताना काय करते, शांततेला किती वेळ दिला, हे पूर्ण झालेले असते. हेतू, भूमिका, ‘संदेश’ हे व्हायचे असते. मुले कुरकुरतात. त्यांना ‘ठेवली’ की ‘सोडली’ हे सांगायचे असते, आणि तेही स्वाभाविक आहे. आयुष्यातले तास मोजकेच असतात. एका मुलीने विचारले, की मग दशावतारातल्यासारखा कथेशी संबंध नसलेला पहिला भाग कोणी आज केला तर तो कोण पाहील? मला उत्तर सुचले नाही. खुद्द दशावतारातच तो किती जण पाहतात, हे मला माहीत होते.

जत्रेत अजून आडदशावतार होतो. पण ठरावीक वेळेच्या प्रयोगांत, विशेषतः तिकीट लावून होणाऱ्या ट्रिकसीनच्या नाटकांत, तो आटोपशीर झाला आहे किंवा गाळलाच जातो. मी अलीकडे पाहिलेल्या काही प्रयोगांत गणपतीचे दर्शन होते आणि दहा मिनिटांत आख्यान सुरू होते. धूर, दिवे, हवेत तरंगणारा राक्षस, सगळे सुरुवातीलाच, प्रेक्षक उठून जाऊ नये म्हणून. ट्रिकसीन करणारी मंडळी कसबी आहेत यात शंका नाही. संकासुर मात्र अशा प्रयोगांत येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याची मालवणीही येत नाही. मंचावर देव, राजे आणि राक्षस तेवढे राहतात, आणि ते सगळे प्रमाण मराठी बोलतात.